मालकाची आत्या

हॉटेलातले सगळे तिला तोफ म्हणत. नवरा गेल्यावर भांडी घासून तिने दोन मुलींना शिकवलं, त्यांची लग्नं लावली, आणि आवाज कुणापुढे खाली आणला नाही. पगाराच्या बाबतीत मात्र तोफ फुसकी ठरत होती. कायद्याने ठरलेल्या किमान पगाराच्या निम्माच तिच्या हातावर पडे. मागायला गेलं की मालक गोड हसे, "अहो मावशी, तुम्ही घरच्याच!"

एका दुपारी कामगार खात्याचा तपासनीस आला. मालक मोरीकडे धावला. "मावशी, विचारलं तर माझी आत्या आहे म्हणा. हौसेने मदतीला येते म्हणा."

"बरं." तिने हात पुसले आणि गल्ल्यामागे मालकाच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"या कोण?" तपासनिसाने विचारलं.

"आत्या," मालक म्हणाला.

"सख्खी!" तोफ म्हणाली. "अंगाखांद्यावर खेळवलंय याला. बाळ्या, साहेबांना चहा आण. आणि मोरीत ढीग पडलाय, तेवढा घासून टाक. आत्याचे गुडघे दुखतात."

मालक चहा ठेवून, बाह्या सरसावून मोरीत गेला. जेवणाच्या गर्दीची ताटं संपता संपेनात. तपासनिसाने दुसरा चहा मागवला, तेव्हा मालक कंबर धरून बाहेर आला.

"साहेब, ही आत्याबित्या कुणी नाही. कामाला आहे माझ्याकडे."

"मग पगार किती देता?"

पुढच्या महिन्यापासून तिला पूर्ण पगार मिळू लागला. मागच्या थकबाकीसाठी मात्र तिला बराच काळ भांडावं लागलं, आणि त्याचा तिला जराही कंटाळा आला नाही.