चिंचेच्या शेंड्यावरचा वारा

कोल्हापुरात गरम हवेचा फुगा आला होता असं आता सांगितलं, तर लोक माझ्याकडं संशयानं बघतात. पण आला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, ऊस तोडणीच्या दिवसांत, एका खताच्या कंपनीनं जाहिरातीसाठी आणला होता. पाच-सहा मजली इमारतीएवढा, हिरवा-पिवळा. खाली वेताची मोठी टोपली, तिला आमच्याकडची माणसं सरळ बुट्टी म्हणायची. बुट्टीत उभं राहून वर जाळ सोडणारे पायलट उत्तरेकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. आणि त्यांना जमिनीवरून वाऱ्याची खबर देणारा माणूस मी.

माझ्याआधी आमच्या घरात दहावीलाही कोणी बसलं नव्हतं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, गावाहून रोज यष्टीनं जाऊन-येऊन. हे मी आजही मान वर करून सांगतो. कंपनीला आकडे समजणारा, हिंदी बोलणारा आणि गावच्या माणसांना आवरणारा कोणीतरी हवा होता. मला घेतलं. गळ्यात ओळखपत्र आलं तसा मी चालायचाही वेगळा लागलो.

गर्दी मात्र कुणाला सोडत नसे.

"पावणं, ह्यात बसून गडहिंग्लजला जाता येतंय का?"

"जाता येतंय. पण उतरायचं कुठं ते वारा ठरीवतोय."

"मग यष्टी बरी की!"

फुगा उडवायला पहाटेची पडलेली हवा लागते. पण ती फसवते, हे पायलटसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जमिनीवर पान हलत नाही आणि थोडं वर वारा पळत असतो. त्यात घुसला की फुगा एका बाजूनं दबतो, उचल जाते, मग जाळ कितीही सोडा. म्हणून आधी एक छोटा रबरी फुगा सोडायचा आणि पाच मिनिटं त्याच्यावरची नजर काढायची नाही. तो वर गेल्यावर कुठं वळतो, किती जोरात वळतो, ते वहीत लिहायचं. माझं काम एवढंच.

एके दिवशी कार्यक्रम आमच्याच गावच्या माळावर ठरला. माळाच्या कडेला गुऱ्हाळ होतं, त्याला लागून एक उंच चिंच. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिथं चुलवाणात चिपाडं घालायचं काम करत. काहिलीखालचा जाळ सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या दिवशी माळावर धुक्याचे पट्टे होते, कुठं दाट, कुठं मोकळं. मी सोडलेला छोटा फुगा चिंचेएवढा वर जायच्या आतच एका दाट पट्ट्यात गेला. दुसरा सोडायला हवा होता. पण मांडवात कंपनीचे साहेब घड्याळं बघत होते, आणि गाव माझ्याकडं बघत होतं. मी वहीत लिहिलं, वारा शांत.

तेवढ्यात आबा आले. हातात उसाच्या रसाची कळशी, अंगावर राखेनं मळलेली बंडी. साहेबांच्या देखत मोठ्यानं म्हणाले, "लेका, आज उडवू नगासा. गुऱ्हाळाचा धूर बघ. चिंचेच्या शेंड्यापतोर सरळ जातोय, आणि वर ग्येला की कापल्यागत तुटून नदीकडं पळतोय. वर वारा हाय."

मी हातातलं वारा मोजायचं यंत्र दाखवत हळू म्हणालो, "आबा, तुमी जावा बघू. हितं यंत्र हाय."

"आरं, यंत्र तुझ्या हातात हाय. वारा तिकडं वर हाय की."

पायलटसाहेबांनी बुट्टीतून मला विचारलं, "क्या कह रहे हैं?"

मी बुट्टीपाशी जाऊन म्हणालो, "कुछ नहीं सर. रस लाए हैं."

पायलटसाहेबांनी आबांकडं बघून हात जोडले. आबांना हिंदी येत नव्हती. त्यांना वाटलं, पोरानं निरोप दिला आणि साहेबानं नुसते हात जोडून आपल्याला वाटेला लावलं.

फुगा चिंचेपर्यंत देखणा गेला. वर जाताच त्याची एक बाजू आत गेली, उशीला गुडघा मारावा तशी. साहेबांनी जाळ वाढवला, पण तो खाली येतच राहिला. तोडलेल्या उसाच्या रानात बुट्टी आपटली, आडवी झाली आणि पाच-सहा सऱ्या फरफटत गेली. आम्ही पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. डावा पाय मांडीपासून मोडला होता.

दवाखान्यात त्यांना भेटायला मी एकटा गेलो. त्यांनी विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. ते हिंदीत म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, मी ऐकलं असतं." कंपनीच्या कागदावर त्यांनी अचानक आलेला वारा एवढंच लिहिलं. माझं नाव घेतलं नाही. मी निरोप सांगतो म्हणून शब्द दिला आणि बाहेर आलो.

निरोप मी सांगितला नाही. पुढं हायस्कुलात शिक्षक झालो, मोटारसायकल घेतली, संध्याकाळी आबांना गुऱ्हाळावरून घरी आणायचो. आबा दर हंगामात नव्या माणसांना ती गोष्ट सांगत. "माझ्या पोरानं सायबाला त्याच्या भाषेत सांगितलं! पर त्यो मस्तवाल. ऐकतोय कशाला?" ऐकणारे माझ्याकडं कौतुकानं बघत. मी तिथून उठायचो, पण जायला जागा नसायची. घरात, शाळेत, गावात ही गोष्ट मला कुणाजवळ बोलता येत नव्हती. बोललो तर आबांच्या गोष्टीतला पोरगा गेला असता, न बोललो तर तो माणूस दर वर्षी नव्यानं मस्तवाल ठरत होता.

सात-आठ वर्षांनी कुरुंदवाडकडचा एक गूळ घेणारा पाहुणा गोष्ट ऐकून हसला. "असल्या मस्तवालाचा पाय मोडला, बेस झालं!"

मी म्हणालो, "आबा, सायबाला मी सांगितलंच न्हवतं. रस आणलाय म्हणालो."

आबांच्या हातातली चिपाडं तशीच राहिली. "का?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

"तुमची."

पाहुण्यानं तंबाखूची डबी काढून त्यात बघायला सुरुवात केली. आबांनी चिपाडं चुलवाणात सारली, हात झाडले आणि म्हणाले, "मग त्या सायबाचा पाय तू मोडलास की."

त्या संध्याकाळी ते माझ्या गाडीवर बसले नाहीत. "तू जा म्होरं," म्हणून बांधावरून चालत आले. दुसऱ्या दिवशी बसले. इतकी वर्षं माझ्या खांद्यावर हात ठेवून बसायचे. आता मागची कडी धरली, आणि पुढं जोवर बसत होते तोवर कडीच धरली.