आफ्रिकेहून आणलेली भाषा

आज मी चार माणसांत पदवीधर म्हणून बसतो, त्याचं सगळ्यात मोठं ऋण माझ्या यारीवाल्या मामांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं आहे. म्हशीपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांशी आफ्रिकेच्या खाणीतल्या भाषेत बोलणारा माणूस अख्ख्या गेवराई तालुक्यात त्यांच्याशिवाय दुसरा झालेला नाही आणि होणारही नाही. आईवडील ऊसतोडीला गेले की सहा महिने मी चकलांब्याला मामांकडे असे. "पोरगं कोयता धरनार न्हाई," एवढंच म्हणून त्यांनी माझं दप्तर आपल्या घरातल्या खुंटीला अडकवलं. कॉलेज संपेपर्यंत ती खुंटी माझीच होती.

तरुणपणी ड्रिल मशीनचे मिस्त्री म्हणून मामा एका ठेकेदाराबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत गेले आणि सात वर्षांनी परतले. तिथे नाना मुलखांचे मजूर, नाना भाषा. म्हणून झुलू शब्दांत थोडी इंग्रजी, थोडी गोऱ्यांची डचसारखी बोली कालवून केलेली एक कामचलाऊ भाषा खाणीत चाले. तिचं नाव फानागालो. आत्या आजही म्हणते, "लोक सोन्याच्या खाणीतून सोनं आनतेत, ह्यांनी शब्द आनले. त्याची काय बोरमाळ करू का?"

मामांना त्याचं काहीच वाटत नसे. म्हैस 'हांबा' म्हटल्यावर चालायची आणि दावणीला बांधलेली असली तरी मामांचा आवाज ऐकून जागच्या जागी पाय उचलायची. लग्नाच्या पंगतीत ते "लेटा मान्झी!" म्हणून पाणी मागायचे. वाढपी पोरं आधी हसायची, मग मुकाट जग घेऊन यायची. एकदा मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी सरळ 'वेना', म्हणजे 'तू', म्हटलं. पुढाऱ्याला अर्थ कळल्यावर तो रागावला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "ह्या भाषेत तुमी-आमी न्हाईच, साहेब. गोऱ्यांनी मजुराला हुकूम सोडायला वापरली. त्यात मान कुठून येनार?" पण ते त्यांच्या मनाला लागलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून ते वयस्कर माणसांना 'वेनाजी' म्हणू लागले.

पोटासाठी ते विहिरी खोदायचे. वर यारी, म्हणजे दगड-माती उपसायची क्रेन, तिच्यावर मामा स्वतः. खाली खोदणारे दोघे चकलांब्याचे, एक तेलंगणातला, एक बिहारचा. यारीवर फक्त फानागालो चालायची. 'पेझुलू' म्हणजे वर, 'पान्सी' म्हणजे खाली, 'आयकोना' म्हणजे नको, थांब. मी विचारलं, मराठी का नको? तर म्हणाले, "आरं, वर-खाली हे शब्द मान्सं गप्पांत दिवसभर बोलतेत. ह्या भाषेत कोन गप्पा मारतंय? कानावर पडली की हुकूमच." शिवाय त्यांचा एक कडक नियम होता. खालून आलेला हुकूम यारीवाल्याने मोठ्याने परत म्हणून दाखवायचा, मगच हात हलवायचा. सगळी वर्षं त्यांच्या विहिरीत कुणाला खरचटलंही नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर होतो आणि विहिरीच्या काठावर बसलो होतो. रिकामी बादली खाली निघाली. तेलंगणातला गडी अजून खालीच वाकलेला. तो ओरडला, "आयकोना!" मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "पान्सी!" आणि बादली सोडतच राहिले. मी धावत जाऊन त्यांच्या हाताला धरलं. बादली गड्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर थांबली.

"काय रं, कशाला धरलंस?"

"त्यानं थांबा म्हटलं, मामा."

"पान्सी म्हनला तो. मी ऐकलं."

त्यांनी ऐकलं नव्हतं. कामाचा क्रम इतका ठरलेला, की रिकाम्या बादलीनंतर 'पान्सी'च येणार. कधीपासून ते अंदाजानेच हुकूम परत म्हणत होते. आवाज एवढा मोठा, की कुणाला शंकाही आली नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही. खाली उतरा."

ते उतरले. जेवणाचा डबा घेतला आणि बांधाने घरी गेले. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, कुठल्याच भाषेत. तिसऱ्या दिवशी मी नोकरीच्या गावी आलो आणि आठवड्याभराने हे पत्र टाकलं.

"तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही नुसतं 'हां, हां' म्हणता, ते का, हे आता कळलं. म्हणून लिहितो. मी बोललो ते खरं होतं, पण चारचौघांत बोलायला नको होतं. तेवढ्यासाठी माफ करा. उतरा म्हटलं त्यासाठी माफी मागत नाही.

तेलंगणाच्या गड्याचा फोन आला होता. यारी आता चकलांब्याचा एक जण चालवतो. पण खालचा माणूस बाजूला झाला की नाही, हे काठावरून बघायला कुणी नाही, म्हणून ते घाबरून काम करतात. मामा, तुमचे डोळे चांगले आहेत आणि आवाज तर वेशीपर्यंत जातो. जन्मभर तुम्ही हुकूम ऐकलेत. आता काठावर उभं राहून द्या. तुमची वाट बघत आहेत.

येत्या शनिवारी मी गेवराईला उतरतो. कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे आणि आत्याला सांगून ठेवलं आहे, त्यामुळे पळता येणार नाही. लहानपणापासून तुमच्याशी मी नकळत ओरडूनच बोलत आलो. परत येताना एस.टी.त शेजारी बसून एकदा हळू आवाजात बोलायचं आहे.

आपला भाचा."