उंदीरमामीची वेगळी खोली

मामी माझ्या नात्यातली नाही. प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते, म्हणून सगळ्यांची उंदीरमामी. साहित्यात एम.ए. करून मला नोकरी लागली ती तिच्या हाताखाली, पिंजरे धुण्याची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "कविता पुष्कळ वाचल्यास ना? आता भुसा बदल."

मग नवा प्रयोग सुरू झाला. उंदरिणींना केमोथेरपीचं औषध द्यायचं. काहींना जुन्या सोबतिणींतच ठेवायचं, काहींना एकेकट्या पिंजऱ्यात हलवायचं. नंतर रक्तातलं ताणाचं हार्मोन मोजायचं.

प्रयोग अर्ध्यावर असताना मामीच्या छातीत गाठ निघाली. तिलाही केमो सुरू झाली.

ती विधवा जावेबरोबर राहायची. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. नळ कोणी उघडा ठेवला, इथून सुरुवात. मामीचा मुलगा घाबरला. त्याने मामीला आपल्या घरी नेलं. वरची खोली, पांढऱ्या चादरी, जंतू नकोत म्हणून कोणी आत जायचं नाही. सोबतीला टीव्ही.

मी मास्क लावून भेटायला गेले. ताट तसंच होतं.

"जेवली नाहीस?"

"भांडल्याशिवाय घास उतरत नाही गं." मग तिने विचारलं, "वेगळ्या ठेवलेल्या कशा आहेत?"

"कोपऱ्यात बसतात. पण आकडे यायचेत. आत्ताच काही म्हणता येत नाही."

"एकीला सोड ना परत सोबतिणींत."

"मामी, प्रयोग बिघडेल."

"तेही खरंच. नको सोडू." तिने ताट बाजूला सारलं. "पण माझ्यावर कुठे प्रयोग चाललाय? मला का वेगळं ठेवलंय?"

मुलगा दारात उभा होता. त्याने ऐकलं.

"आई, तुला काही झालं तर?"

"झालंच आहे की रे."

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, निरोगी माणूस असेल, हात धुऊन, मास्क लावून, तर सोबतीला राहू दे. जुन्या घरात मात्र नको, तिथे भिंतींना ओल आहे.

म्हणजे जावेलाच यावं लागणार होतं. मुलाच्या लग्नात तिचा मानपान राहिला होता. तेव्हापासून तिने त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. बोलवायला मी गेले.

"त्या घरात मी पाय ठेवणार नाही," ती म्हणाली. पिशवीत कपडे भरत म्हणाली. "कितव्या मजल्यावर ठेवलंय तिला?"

आल्या आल्या तिने कोपरापर्यंत हात धुतले. मामीच्या केस गेलेल्या डोक्याकडे पाहत राहिली.

"बरंय," जाऊ म्हणाली. "न्हायचं पाणी वाचलं."

"तू नळ उघडाच ठेवशील, कुठलं वाचतंय!"

कितीतरी दिवसांनी मामीचा आवाज चढला होता.

मुलगा गादी घेऊन आला. "काकू, शेजारच्या खोलीत घालू?"

दोघी एकदमच त्याच्यावर ओरडल्या.