परिचयात सांगितलेली ताई

शाळेतली नोकरी गेली तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. शाळा विनाअनुदानित होती. आज अनुदान येईल, उद्या येईल म्हणत मी तिथं आठवी ते दहावीला गणित शिकवत राहिले. मग मुलं कमी झाली, तुकडी बंद पडली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून, खुर्चीवर बसायला सांगून, पाणी देऊन ती बातमी दिली. सरकारी भरतीची परीक्षा मी आधीच दिली होती. निवड झाली नव्हती.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या सास्तूरमधलं आमचं घर, थोडं रान, तेही वाट्यानं दिलेलं. आईचे गुडघे गेलेले. माझं लग्न झालेलं नाही. घरी बसून राहणं परवडणारं नव्हतं. खरं सांगायचं तर घरी बसले असते तर मला वेड लागलं असतं. गणित शिकवण्याखेरीज मला काही येत नाही.

उमरग्याला बसस्टँडजवळ एका दुकानावरच्या मजल्यावर क्लास सुरू झाला होता. चालवणारे सर माझ्यापेक्षा वयानं लहान होते, लातूरला शिकून आलेले. त्यांनी मला ठेवून घेतलं. रोज एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. मात्र दर रविवारी कुठल्यातरी गावात पालक मेळावा असायचा आणि तो चुकवायचा नाही, अशी अट होती. मेळाव्यात प्रत्येक शिक्षकानं पालकांपुढं उभं राहून स्वतःचा परिचय करून द्यायचा. आपण कुठले, काय शिकलो, कसं शिकवतो.

आम्ही तिघं शिकवणारे होतो. इंग्रजीच्या मॅडम सोलापूरच्या. त्या उभ्या राहायच्या आणि सगळा परिचय इंग्रजीतच द्यायच्या. पालकांना त्यातलं काही कळायचं नाही, पण ते मान ताठ करून ऐकायचे. आपली पोरगी एक दिवस अशी बोलेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. विज्ञानाचे सर तेरचे, पन्नाशीकडं झुकलेले, शांत. ते म्हणायचे, "मी स्वतः बारावीला नापास झालो होतो. त्यामुळं पोरगं कुठं अडकतं ते मला शिकवावं लागत नाही." लोक हसायचे, माना डोलवायचे. नापासाची भीती सगळ्यांच्या घरात होती.

पहिल्या मेळाव्यात मी माझी शिकवण्याची पद्धत सांगितली. त्यावर मी बरीच वर्षं विचार केला होता. मी मुलांना चुकलेलं गणित खोडू देत नाही. ते तसंच ठेवायचं आणि आपण कुठं वळण चुकलो ते आधी तोंडानं सांगायचं. पोराला स्वतःची चूक स्वतःच्या शब्दांत सांगता आली की पुढचं फार अवघड नसतं. हे मी मनापासून सांगत होते. पुढच्या रांगेतले दोघं मोबाइल बघत होते. बोलून झाल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "म्याडम, मार्क किती पाडून देता तेवढं सांगा." सगळे हसले. मी खाली बसले.

परतताना चहाच्या टपरीवर सरांनी मला बाजूला घेतलं. तुम्ही मूळच्या कुठल्या, त्यांनी विचारलं. सास्तूरची म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. भूकंपात होता का तुम्ही? मी म्हटलं, होते, पण मला आठवत नाही. चार वर्षांची होते. वडील गेले, थोरली बहीण गेली. आई आणि मी वाचलो. मग का कोण जाणे, मी मावशीनं सांगितलेलं तेही सांगितलं. ताई शाळेत हुशार होती, तिनंच मला ज्वारीचे दाणे मांडून आकडे शिकवले होते, तिचंच डोकं मला आलं. मावशीनं हे मला शाळेत असताना सांगितलं होतं आणि मी ते जपून ठेवलं होतं. एमएस्सीच्या परीक्षेला बसतानाही मनात तेच होतं.

सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मॅडम, हे सांगा. पालकांना पद्धत कळत नाही. माणूस कळतो."

मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. फक्त म्हणाले की प्रवेश झाले नाहीत तर दोन शिक्षकांवरच भागवावं लागेल. पुढच्या रविवारी मुरुमजवळच्या एका गावात मी ताईचं सांगितलं.

तिथल्या बायांनी डोळ्याला पदर लावला. एक म्हातारी उठून जवळ आली आणि तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्याच आठवड्यात त्या गावातून मुलं आली. मुली जास्त. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या सुटकेची चव मला अजून आठवते आणि ती चांगली नाही.

मग दर रविवारी ताई. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा हे माझ्या गळ्याला आपोआप कळायला लागलं. मी खोटं बोलत नव्हते. मला जे ठाऊक होतं तेवढंच सांगत होते. तरी मेळाव्यावरून घरी आले की आईसमोर जेवायला बसणं जमायचं नाही. आई ताईबद्दल कधी बोलायची नाही. घरात तिचा फोटो नाही, तेव्हा फोटो काढलेलाच नव्हता. आईच्या तोंडून मी तिचं नावही क्वचित ऐकलं असेल. आणि मी तिला गावोगाव नेत होते.

सर माझी ओळख करून देताना हळूहळू भर घालायला लागले. एकदा म्हणाले, ढिगाऱ्याखाली आकडे मोजत जिवंत राहिलेल्या आमच्या गणिताच्या मॅडम. मी त्यांना नंतर म्हटलं, असं काही झालं नव्हतं, मी झोपलेली होते. ते म्हणाले, "ते मी म्हणतो. तुम्ही म्हणू नका."

त्या दिवशी एसटीत विज्ञानाचे सर माझ्या पुढच्या बाकावर होते. खिडकीबाहेर बघता बघता ते मागं वळले.

"मी बी नापास झालो नव्हतो," ते म्हणाले. "डिस्टिंक्शन होतं मला."

मी पुढं वाकले.

"सर म्हणाले, असं सांगा. आता इतक्यांदा सांगितलंय, की खरंच नापास झाल्यासारखं वाटतं." एवढं बोलून ते पुन्हा खिडकीकडं वळले. त्यांच्या घरी दोन मुली कॉलेजात होत्या.

परीक्षा जवळ आल्या, पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले आणि सरांनी मेळावा सास्तूरला ठरवला. मी हात जोडले. म्हटलं, माझ्या गावात मला परिचय द्यायला लावू नका, तिथं मला सगळे ओळखतात. ते म्हणाले, ओळखतात म्हणूनच पोरं येतील. या वर्षी आकडा फार कमी आहे, आणि ज्यांना बोलायचं नाही त्यांना ठेवणं मला जमणार नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांच्यावरही भाड्याचा बोजा होता, हे मला दिसत होतं.

आईला मी काही सांगितलं नाही. पण गावात रिक्षा फिरली, भोंग्यावरून माझं नाव पुकारलं गेलं. शेजारच्या बाया आईला घेऊन आल्या. मी समाजमंदिरात शिरले तेव्हा ती भिंतीला टेकून, गुडघा लांब करून बसली होती. लेकीचं भाषण ऐकायला आली होती. नवं लुगडं नेसली होती.

इंग्रजीच्या मॅडम बोलल्या, विज्ञानाचे सर नापास झाल्याचं बोलले. मग माझी पाळी. मी उभी राहिले आणि समोर बघितलं. समोर बसलेल्या बायांपैकी जिच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं अशी एकही नव्हती. मी माझं शिक्षण सांगितलं. चुकलेलं गणित न खोडण्याचं सांगितलं. मला वाटलं, एवढ्यावर सुटेन. मागून सर हलक्या आवाजात म्हणाले, "ताईचं सांगा."

मी आईकडं बघितलं नाही. सांगितलं.

इथं कुणी पदर डोळ्याला लावला नाही. सगळ्या नुसत्या बघत होत्या. त्या शांततेत माझा आवाज मलाच ऐकू येत होता, आणि तो परका होता, भोंग्यातून येणाऱ्या आवाजासारखा. दाण्यांचं सांगून झालं तेव्हा मधल्या रांगेतली एक बाई उठली. गावातच दिलेली, मुलीला नववीच्या क्लासला घालायचं म्हणून आलेली. मी तिला तोंडओळखीनं ओळखत होते.

"तू लहान व्हतीस, तुला न्हाय ठाऊक," ती म्हणाली. "तुझी ताई आन म्या एका बस्करावर बसायचो. तिला आकडे येत नव्हते गं. पाढ्याची वेळ झाली, की पोट दुखतंय म्हणून घरी पळायची. पंचमीची गाणी मातर लई येत व्हती तिला."

तिच्या बोलण्यात दावा नव्हता. मला काहीतरी द्यायला उठल्यासारखी ती उठली होती. मागच्या एका म्हातारीनं हसून दुजोरा दिला, व्हय, लई पळायची ती. दोघी-तिघी हसल्या. इतक्या वर्षांनी माझी ताई त्या खोलीत कुणाला तरी खरोखरची आठवली होती, आणि मला मात्र तिचं काहीच ओळखीचं वाटत नव्हतं. आई खाली मान घालून लुगड्याच्या काठावर अंगठा घासत होती. सरांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि फीच्या सवलतीकडं वळले.

आम्ही दोघी चालत घरी आलो. आई सावकाश चालते, म्हणून वाट लांबली. घरात आल्यावर मी विचारलं, ते खरं आहे का?

"खरं हाय," आई म्हणाली.

मग मावशीनं मला तसं का सांगितलं?

आई खाली टेकली. म्हणाली, "तू आठवीत व्हतीस. शाळा सोडते म्हणत व्हतीस. मावशीनं तुला ते सांगितलं आन तू पुन्यांदा पुस्तक घेऊन बसलीस. मग म्या कशाला मोडू?" तिनं गुडघा चोळला. "पर लोकांपुढं तिला कशाला उभी केलीस?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी काही बोलले असते. मी उठून चुलीकडं गेले आणि उगीच भांडी हलवत राहिले.

सरांनी मला काढलं नाही. फोन करून म्हणाले, सास्तूर-लोहाऱ्याकडं ती गोष्ट सोडा, बाकीकडं चालू द्या, तिकडं कोण ओळखतं. पुढच्या रविवारी मी गेले. उभी राहिले, शिक्षण सांगितलं, विषय सांगितला, आणि तोंड उघडं राहिलं. पुढचा शब्द येईना. त्यानंतरच्या मेळाव्यातही तसंच. विज्ञानाच्या सरांनी मला हाताला धरून खाली बसवलं. नवीन शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा माझे तास लातूरहून आलेल्या एका तरुणाला दिले गेले होते. सरांनी मला ते क्लासच्या जिन्यातच सांगितलं. वर यायचीही गरज पडली नाही.

त्यानंतर मी मुरुमला जाऊन आले, धाराशिवला जाऊन आले. प्रत्येक क्लासमध्ये पहिलं वाक्य तेच असतं, मॅडम, तुमचा परिचय द्या. मी सांगते, एमएस्सी, बीएड, राहणार सास्तूर. समोरचा लगेच पुढं वाकतो, "अरे, भूकंप." मी म्हणते, लहान होते. मग ते माझ्या पुढं बोलण्याची वाट बघतात. मी गप्प बसते. कळवतो म्हणतात. कुणी कळवत नाही.

घरी तीन-चार मुली शिकायला येतात. त्यांच्या आया जमेल तसं काही देतात, कधी देत नाहीत. त्याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. फळ्यापुढं उभी राहिले की मध्येच हात थांबतो. गणित मला का आवडायला लागलं, याचं एक उत्तर माझ्याकडं होतं, त्यावर मी आठवीपासून इथपर्यंत आले. आता ते उत्तर नाही. गणित येतं, पण त्याच्या मागं कुणी नाही. मुलींना वाटतं मॅडम विचार करताहेत.

आईमध्ये मात्र एक फरक पडलाय. ती ताईबद्दल बोलायला लागलीय. भाकरी थापताना, ज्वारी निवडताना, मध्येच. ताई आंबट बोरांसाठी कशी रडायची. वडिलांच्या खांद्यावरून उतरायलाच कशी तयार नसायची. पंचमीला झोका कुणाला द्यायची नाही. एकदा बोलता बोलता तिनं एक गाणं म्हटलं, अर्ध्यावर विसरली, आणि मला विचारलं, पुढचं तुला ठाऊक हाय का. मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नसणार हे तिला माहीत होतं, तरी तिनं विचारलं.

मी ऐकत बसते. तिला थांबवत नाही. इतकी वर्षं अडवून धरलेलं ती एकदमच सगळं बोलते आहे आणि मला त्यातलं निम्मंच ऐकू येतं, कारण डोक्यात सारखं चालू असतं की येत्या जूनमध्ये काय करायचं, कुणाकडं जायचं, आणि तिथं उभी राहून मी कोण म्हणून सांगायचं.