धर्माची गाय आणि खळबाई

खळबाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. बाइंडिंगच्या कारखान्यात उभी हयात पुस्तकांच्या पाठीला खळ लावण्यात गेली, म्हणून खळबाई. मागून लोक म्हणायचे, खळ कमी आणि खळखळच जास्त. कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "पुढून म्हणा की! मागून तर कुत्रंही भुंकतं."

शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. छापील कागदांच्या घड्या घालता घालता ती अक्षरं शिकली. त्यामुळे तिला गोष्टींचे मधले भागच पाठ. राक्षसाचं शेवटी काय झालं, ते विचारू नका. तोवर कागद पुढच्या बाईच्या हातात गेलेला असायचा.

कारखाना बंद पडला आणि ती नातीच्या शाळेत जिन्याखालच्या खोलीत टेबल मांडून बसली. पगार नाही. दानात आलेली फाटकी पुस्तकं चिकटवायची आणि मुलांच्या हातात द्यायची, एवढंच. पण दान म्हणजे काय, तर लोकांच्या माळ्यावरची अडगळ. पोत्यातून निघायच्या फोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या, सोडवून झालेली गाइडं, कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम, एका पायाचा बूट. खळबाई म्हणायची, "यांना घरही झाडून पाहिजे आणि पुण्यही पाहिजे. एका दगडात दोन पक्षी, आणि दगड आमच्या डोक्यात!"

यंदा एका मंडळाने पेनांचे डबे वाटले. डब्यावर मंडळाचं नाव, तेही सोनेरी अक्षरांत. नातीने तोच डबा परीक्षेला नेला, कारण घरात दुसरं पेन नव्हतं. पहिलं चालेना. दुसरंही चालेना. हात वर केला तर वर्गातल्या बाई खेकसल्या, "गप्प बस. नाटकं नकोत." मग पोरीने कोरड्या टोकानेच सगळा पेपर लिहिला. परत आला तेव्हा त्यावर भोपळा होता आणि शेजारी लाल शेरा: 'कोरा पेपर. आळशी.' त्या दिवसापासून पोरगी शाळेत जाईना.

खळबाईने पेपरावरून बोटं फिरवली, मग कागद तिरका करून उजेडात धरला. शाईचा पत्ता नव्हता, पण अक्षरं होती. नांगरल्यासारखी खोल.

ती तडक हेडसरांच्या खोलीत गेली. "सर, पोरीची परीक्षा परत घ्या. पेनं मेलेली होती."

हेडसरांनी पेपराकडे पाहिलंसुद्धा नाही. "मावशी, पेनं उत्तम आहेत असं मी मंडळाला कळवून बसलोय. आता कोणत्या तोंडाने उलटं सांगू? उद्या अध्यक्षबाई पुस्तकांची पोती घेऊन येतायत. अहो, धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारू नये."

"दात नसले तर नसोत. पण सर, ही गायच मेलेली आहे. आणि ओढून टाकायला पोरं आमची!"

"उद्या तोंड उघडलंत तर तुमचं टेबल बाहेर जाईल."

"जाऊ दे. टेबलाला पाय आहेत."

दुसऱ्या दिवशी मुलं उन्हात रांगेने बसवली होती, पाहुणे मांडवाच्या सावलीत. भाषण झालं. गरिबांच्या लेकरांनी कृतज्ञ कसं राहावं, ते अध्यक्षबाईंनी सविस्तर सांगितलं. मग फोटोवाला सरसावला आणि हेडसरांनी पोती मिळाल्याची पोच पुढ्यात घेतली. पेनासाठी ते खिसा चाचपेपर्यंत खळबाई नातीचा डबा घेऊन मंचावर चढलीसुद्धा.

"सर, हे घ्या. यांचंच पेन. फोटोत शोभून दिसेल."

"अय्या, किती जपून ठेवलंय!" अध्यक्षबाई खूश झाल्या.

हेडसरांनी सही केली. कागद पांढराच. दुसरं पेन घेतलं, तिसरं झटकलं, चौथ्यावर फुंकर मारली.

"जरा जोर द्या ना," अध्यक्षबाई कुजबुजल्या.

"पोरीने दिला होता की!" असं म्हणत खळबाईने नातीचा पेपर पोचपावतीवर आपटला. "हा बघा. भोकं पडेपर्यंत जोर दिला, आणि तुम्ही तिला आळशी ठरवलंत."

फोटोवाला फसकन हसला. अध्यक्षबाईंनी घाईघाईने पर्समधलं स्वतःचं पेन काढून दिलं आणि एकदाची सही उमटली. हेडसरांच्या हातातून खळबाईने ते पेन काढून घेतलं.

"हे राहू द्या इथंच. तुमच्या दानातलं एवढं एकच चालतं. सर, परीक्षा कधी?"

सगळा मांडव हेडसरांकडे बघत होता. त्यांनी घाम पुसला. "उद्या," ते पुटपुटले.

पोरगी त्या पेनाने पेपर लिहून पास झाली. पहिली-बिहिली आली नाही, गोष्ट आहे म्हणून थापा कशाला? मंडळ काही परत फिरकलं नाही. आणि हेडसर दिल्या शब्दाला जागले. खळबाईचं टेबल बाहेर गेलं, ते थेट फाटकापाशी.

तिथं ती आता रोज बसते. एखादी गाडी थांबते, पोतं उतरतं, गोड आवाज येतो, "मावशी, हे कुठे ठेवू?"

"ठेवू नका," खळबाई म्हणते. "आधी उघडा."

बरेच जण पोतं परत गाडीत टाकतात.