संयोगिताच्या वाट्याची जागा

लग्न होऊन तासगावात आली, तरी माहेरच्या वडूजमधल्या लोकांसाठी संयोगिता अजून अर्जुना पेंटरची पोरगीच होती. अर्जुनांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ते गेले आणि बाजारपेठेत भराभर फ्लेक्स लागले. उरल्यासुरल्या पाट्या उतरायच्या आत संयोगितानं त्यांचे फोटो काढून आणले. वडिलांच्या अक्षराचा फॉन्ट करायचा, कुणालाही त्यात टाइप करता यावं, असं तिनं मनावर घेतलं.

घरात कॉम्प्युटर एकच. विंडोजवर नवरा जयराज बेदाण्याच्या व्यापाराचं काम करायचा. तिनं व्हिडिओ बघून बघून त्याच डिस्कचा एक भाग वेगळा काढला, त्यात विंडोजसारखीच दुसरी प्रणाली, लिनक्स, बसवली आणि तिथं फॉन्टचं काम मांडलं. आता कॉम्प्युटर सुरू केला की आधी विचारायचा, विंडोज की लिनक्स?

"ह्यो रोज काय इचारतोय गं?" जयराज वैतागायचा. "घर एक आन् दारं दोन!"

"आवं, काही दाबू नका. आपोआप तुमचंच सुरू होतंय."

दोन वर्षांत जवळजवळ सगळी अक्षरं झाली. जोडाक्षरं तेवढी राहिली होती.

त्याच सुमारास जयराजनं बेदाण्याच्या शेडवर कॅमेरे बसवले. चित्रण साठवायला जागा हवी म्हणून कॉम्प्युटर गुंडा नावाच्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नेला. विंडोजमधून लिनक्सचा भाग बिननावाचा दिसतो. गुंडानं विचारलं, "मालक, ह्यात काय हाय?"

"काय न्हाई. पूस."

संध्याकाळी संयोगितानं कॉम्प्युटर लावला. काहीएक न विचारता थेट विंडोज सुरू झालं. फोटोही त्याच भागात होते. वेगळी प्रत तिनं कुठं ठेवली नव्हती.

"तुमाला ठावं होतं ना, ते माझं हाय म्हणून?"

"व्हय," जयराज म्हणाला. "मला वाटलं, तुझा आपला येळ घालवायचा खेळ. कर की परत. तुला येतंय नव्हं."

ती एसटीनं वडूजला जाऊन आली. बाजारपेठेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फ्लेक्सच होते.

त्यानंतर ती कॉम्प्युटरसमोर बसली नाही. पाहुणे आले की जयराज कौतुकानं सांगतो, "आमच्या हिला कॉम्प्युटरचा लय नाद हुता. आता कंटाळली."

ती चहाचे कप गोळा करून आत जाते.