जिन्यातली गाठ

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पळापळ झाली आणि मी लालबागच्या एका अनोळखी चाळीत शिरलो. जिन्यात एक वयस्कर विणकर बसला होता. त्याचा मुलगा मोर्चातून परतला नव्हता. कॉलेजात मी नुकतंच मनावरचं एक पुस्तक वाचलं होतं. चाचरत म्हटलं, “काका, सावकाश श्वास मोजा. बरं वाटतं.”

“मोजतंय रे झिला. पण कान खंय ठेवू?” त्याचं सगळं लक्ष खालून येणाऱ्या पावलांकडे होतं.

त्याने खिशातलं सूत तोडून मला साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, तुटलेला धागा जोडायची बारीक गाठ शिकवली. माझी सारखी सुटायची. मी घाबरलोय, हे त्याने आधीच ओळखलं असावं.

जिन्यावर पावलं वाजली. वर आला तो मुलगा नव्हता, शेजारी निघाला. विणकराने सुताची टोकं माझ्यापुढे धरली.

“तू मार. माका जमणा नाय.”

मी मारली. ती सुटली नाही.